येतो-जातो फॉल्ट आणि कार्ड बदलायची घाई

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात कापसाच्या भावाचं रोज छापून येते, पण तो कापूस जिथं जाते त्या जिनिंगच्या मशीनीबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहून राहिलो. राळेगाव तालुक्यात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये 22 वर्षं झाले इलेक्ट्रिशियन आहे. आमच्याकडच्या बऱ्याच प्रेसचे, म्हणजे रुईच्या गाठी दाबणाऱ्या मशीनींचे, पॅनल जुने झाले, आतले पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे छोटे कॉम्प्युटर, पंधरा-वीस वर्षांचे, आणि आता त्यांना एकच रोग लागला, येतो-जातो फॉल्ट. मशीन पूर्ण बंद पडली तर बरं असते, सापडते तरी. पण दिवसातून एकदा थांबणारी आणि स्टार्ट मारला की पुन्हा मुकाट्यानं चालणारी मशीन माणसाला रडवते.

मागच्या मार्चमध्ये आमची प्रेस अशीच अर्ध्या गाठीत थांबायची. कधी दिवसात पाचदा, कधी दोन दिवस काहीच नाही. बाहेर कापसाचे ट्रॅक्टर लाइनीत उभे, उन्हात शेतकरी बसलेले, आणि इकडे 170 किलोची गाठ अर्धवट दाबलेली. मालकानं नागपूरहून इंजिनिअर बोलावला, तो दिवसभर बसला, नेमका त्या दिवशी फॉल्ट आलाच नाही. शेवटी त्यानं अंदाजानं इनपुट कार्ड, म्हणजे स्विचचे सिग्नल पीएलसीला पोचवणारा भाग, बदललं, हजारोंचं बिल झालं, अन् तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या पोराला मी दोष नाही देत, डोळ्यासमोर न येणारा फॉल्ट तो तरी कसा पकडणार.

मग मी एक वही सुतळीनं पॅनलला बांधली. प्रेस थांबली की लिहायचं, किती वाजले, रॅम (गाठ दाबणारा दांडा) वर होता का खाली, इनपुटचे कोणते लाइट लागले होते, आणि मुख्य म्हणजे त्याच वेळी दुसरं काय सुरू झालं. रात्रपाळीवाल्यालाही सांगून ठेवलं. एक हेल्पर आहे, त्याला लिहिता येत नाही, पण सगळ्यात कामाची गोष्ट त्यानंच सांगितली, "भाऊ, थो मोठा पंखा सुरू झाला का प्रेस थांबते, पाहा तुमी." नऊ दिवसांत 17 नोंदी झाल्या, त्यातल्या 11 खरंच पंखा सुरू होतानाच्या, आणि बहुतेक दुपारच्या. आम्हाला वाटलं गर्मीमुळं होत असेल. गर्मी नव्हती, दुपारी लाईनचं व्होल्टेज आधीच पडलेलं असते आणि त्यात मोठी मोटर उठते.

पीएलसीच्या 24 व्होल्टच्या सप्लायला मीटर लावला तर आकडा एकदम बरोबर. इथंच बरेच जण फसतात. साधा मीटर सेकंदात दोन-तीनदाच आकडा बदलते, डोळा मिटेपर्यंतचा झटका त्याला दिसतच नाही. ओळखीच्या माणसाकडून मिनिमम पकडून ठेवणारा मीटर मागून आणला, पंखा सुरू केला, आणि आकडा निघाला 13.6. आता 24 व्होल्टचं इनपुट 15 च्या वर असलं की चालू मानते, 5 च्या खाली बंद, मधल्या जागेत कशाचाच भरवसा नाही. म्हणजे लिमिट स्विच (मशीनचा भाग जागेवर आला की दाबला जाणारा) जागेवर दाबलेला होता तरी कार्डाला तो सुटल्यासारखा वाटला, म्हणून प्रोग्रामनं प्रेस थांबवली, आणि ते बरोबरच केलं. एसएमपीएस, म्हणजे लाईनपासून 24 व्होल्ट बनवणारा डबा, उघडला तर व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या दोन कॅपॅसिटरची टोपी फुगलेली. 105 डिग्रीवर 2000 तास चालणारा कॅपॅसिटर दर 10 डिग्री कमीवर साधारण दुप्पट जगते असा हिशोब आहे, म्हणजे 65 डिग्रीवर 32000 तास, आमचा हंगाम दिवसरात्र पाच महिन्यांचा धरला तर जेमतेम नऊ हंगाम. आणि तो एसएमपीएस 14 वर्षांचा होता. नवीन लावला, त्यानंतर हंगाम संपेपर्यंत प्रेस एकदाही तशी थांबली नाही. बदललेलं जुनं कार्ड चांगलंच निघालं, आता स्पेअर म्हणून ठेवलंय.

दरवेळी कॅपॅसिटरच असते असं नाही. कधी वायरच्या टोकाची थिंबल ढिली असते, कधी हलणाऱ्या दरवाजाची वायर वरून साबूत आणि आतून तुटलेली, सरळ ठेवली की लागते, वाकवली की सुटते. व्हॉल्व्हच्या कॉइलवर झटका दाबणारा डायोड नसला तर कॉइल बंद होतानाच्या झटक्यानंही पीएलसी वेडावते. आणि रुईची धूळ तर सगळीकडंच.

पण एक गोष्ट पाहून माझा जीव जळते. काही ठिकाणी त्रास नको म्हणून लिमिट स्विचच शॉर्ट करून टाकतात, म्हणजे पीएलसीला तो कायम दाबलेलाच दिसते. मालक हो, तो स्विच माणसाच्या हातासाठी आहे. गाठीला तार बांधणाऱ्या पोराचा हात आत असताना रॅम आला तर कोणत्या कार्डाचं बिल भरणार तुम्ही?

आणखी एक, हंगाम संपला की पुढच्या हंगामापर्यंत पॅनलची लाईन काढून ठेवतात. जुन्या पीएलसीचा प्रोग्राम बॅटरीवर जगतो, बॅटरी संपलेली असली की दिवाळीला मशीन कोरी. बॅटरी बदलायची तर सप्लाय चालू ठेवून बदला, आणि प्रोग्रामची कॉपी मशीन देणाऱ्याकडून आजच मागून घ्या, तो माणूस धंदा सोडून गेल्यावर कोणाला विचारणार.

आयटीआयमध्ये पोरांना मोटर सुरू करायचा स्टार-डेल्टा चांगला शिकवतात, पण असा फॉल्ट शोधायला बसवत नाहीत. जवळच्या कोणत्या सरांना पोरं घेऊन यायचं असेल, किंवा कोण्या जिनिंगवाल्याला ती वही पाहायची असेल, तर दसऱ्याच्या आधी यावं, तेव्हा पॅनल उघडाच असते आणि मला दिवसभर वेळ असते.

तुमचा वाचक,
जिनिंगमधला एक इलेक्ट्रिशियन, ता. राळेगाव, जि. यवतमाळ