६४० रुपयांसाठी अख्खे खाते का गोठवता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी आई गेली तीस वर्षे माहीमला रस्त्याकडेला मासळी विकते. पहाटे भाऊच्या धक्क्यावर लिलावात माल उचलायचा, बर्फ घालून पाट्या भरायच्या आणि नऊच्या आत जागेवर बसायचे, हा तिचा नेम. तिला वाचता येत नाही. तरी क्यूआर कोड घेतल्यापासून सुट्ट्या पैशांची रोजची कटकट संपली, कारण पैसे आले की यंत्र मराठीत बोलून सांगते. टाळेबंदीनंतर पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून दहा हजारांचे कर्ज मिळाले, ते फेडल्यावर वीस हजारांचे. त्याआधी भांडवलासाठी ती व्याजाने पैसे घ्यायची, तेही कोणत्या दराने ते इथे लिहवत नाही. म्हणून फोनवरच्या पैशाने गरिबाचा धंदा सावरला असे कोणी म्हटले, की मला ते मनापासून पटते. केनियात २००७ साली फोनवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा आली, आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय. दोन्हीकडे बँकेची पायरी फारशी न चढणाऱ्या माणसाच्या हाती व्यवहार आला.

पण यंदा मे महिन्याच्या अखेरीस आईचे खाते अचानक बंद पडले. मासेमारी बंदीला आठवडा उरला होता. याच दिवसांत ती पावसाळ्यासाठी सुके बोंबील आणि जवळा भरून ठेवते. बँकेत गेलो तर उत्तर मिळाले, 'सायबर पोलिसांचा होल्ड आहे, परराज्यातला.' कुठल्या तक्रारीवरून, कुणाशी बोलायचे, हे सांगायला चार खेपा घालायला लावल्या. शेवटी कळले की एका गिऱ्हाइकाने पापलेटचे ६४० रुपये दिले होते आणि ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतून फिरत आले होते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार झाली की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती खाती अडवली जातात. हे व्हायलाच हवे. लुबाडलेला माणूसही आपल्यासारखाच. पण पापलेट घेणाऱ्याचे पैसे कुठून आले हे कोळणीने कसे ओळखायचे? वादातले ६४० बाजूला ठेवा, बाकीची तिची कमाई का अडकवता? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच बँकांना सांगितले होते, की पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतीच खात्यावर बंदी ठेवा.

आईचे खाते बावीस दिवसांनी सुटले. तोवर सुक्या मासळीचा भाव चढला होता आणि माल तिने पुन्हा व्याजाच्या पैशांतून भरला. आता ती ओळखीच्या गिऱ्हाइकालाच स्कॅन करू देते.

यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, रिझर्व्ह बँक फोर्टमध्ये. आईच्या पाटीपासून दोन्ही फार लांब नाहीत. त्यांना विनंती, की होल्ड लागताच खातेदाराला तक्रारीचा क्रमांक, रक्कम आणि तपास करणाऱ्या पोलीस ठाण्याचा फोन नंबर त्याच दिवशी कळवण्याची सक्ती बँकांवर करावी. आणि राज्याच्या गृह विभागाने अशी सोय करावी, की खाते सोडवण्याचा अर्ज मराठीत, आपल्याच भागातल्या पोलीस ठाण्यात देता येईल. परराज्यात खेटे घालायला पाटीवाल्या बाईकडे ना दिवस असतो, ना गाडीभाडे.

– एक वाचक, वरळी कोळीवाडा, मुंबई