पाचर

हायडेलबर्ग

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

विषाणू पेशीला चिकटला की त्याचे प्रथिन आकार बदलते म्हणजे नेमके काय होते, हे तुम्ही रविवारी विचारलेत. फोनवर मला ते धड सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

करोना विषाणूच्या पृष्ठभागावरचा एकेक काटा म्हणजेच ते प्रथिन; तो तीन सारख्या साखळ्यांचा असतो आणि प्रत्येक साखळीत १२७३ अमिनो आम्ले असतात. प्रत्येक साखळीचा, काट्याच्या टोकाशी येणारा एक भाग कधी खाली मिटलेला, कधी वर उचललेला असतो, आणि तो वर उठल्याशिवाय त्याला आपल्या पेशीवरचा एसीई-२ हा रिसेप्टर, म्हणजे विषाणू ज्याला चिकटतो तो रेणू, धरता येत नाही. तुम्ही परळच्या गिरणीत फिटर होतात, तेव्हा खटका लावून दाबून ठेवलेली स्प्रिंग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. हा काटा घडतो तोच तसा. रिसेप्टर पकडला की त्याची मांडणी सैल होते, पेशीचेच एक विकर त्याला ठरावीक जागी कापते आणि बाहेरचा भाग गळून पडतो. मग आत दडलेल्या वळ्या सरळ होऊन लांब दांडा बनतो, त्याचे टोक आपल्या पेशीच्या पटलात रुतते, आणि दांडा स्वतःवरच दुमडत दोन्ही पटले एकमेकांत मिसळेपर्यंत ओढतो. एकदा सुटलेली ही स्प्रिंग पुन्हा दाबता येत नाही.

लशीसाठी खरी अडचण इथेच आहे. विषाणूला अडवायचे तर शरीराला सुटण्याआधीचा आकार ओळखता यायला हवा, आणि वेगळे काढलेले प्रथिन तर आपणहून सुटू पाहते. त्यावर ९८६ आणि ९८७ या जागी प्रोलीन हे ताठर अमिनो आम्ल बसवतात, म्हणजे त्या वळणाला सरळ होता येत नाही. तुमच्या भाषेत दोन पाचरी मारतात. ही युक्ती मर्स या करोनाच्याच कुळातल्या विषाणूवर २०१७ सालीच, करोनाच्या साथीआधी, दाखवली गेली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुम्ही आणि आईने दादरला घेतलेल्या कोविशील्डमध्ये या पाचरी नव्हत्या, तरी तिने गंभीर आजारापासून चांगले संरक्षण दिले. त्यामुळे सारे श्रेय पाचरींचे, असे मी म्हणणार नाही. मात्र लहान बाळांच्या आणि वृद्धांच्या छातीला त्रास देणाऱ्या आरएसव्ही विषाणूच्या बाबतीत, सुटण्याआधीचा आकार २०१३ साली हाती लागला आणि तो टिकवता आला, तेव्हाच अनेक दशके रखडलेल्या लशीची वाट मोकळी झाली.

तुमच्या हत्यारांच्या पेटीतली एक जाड स्प्रिंग काढून ठेवा. गणपतीला आले की खटका कुठे आणि पाचर कुठे, ते तुम्हाला हातात घेऊन दाखवीन.

आई व आजीस नमस्कार.

तुमची,
सुमन