पाळण्याचे गज टेपने मोजून घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पंचवटीत माझं सुतारकामाचं छोटं दुकान आहे. दारं-खिडक्यांची बरीच कामं आता ॲल्युमिनियमवाल्यांकडे गेली, पण पाळणे आणि बाळाचे कठड्याचे पलंग अजून माझ्याकडे येतात, काही नवे करायला, काही दुरुस्तीला. बारशाच्या गडबडीत लोक लाकूड सागवानीच ना, नक्षी कोणती, पॉलिश किती दिवस टिकेल, सगळं विचारतात. दोन गजांमध्ये अंतर किती ठेवणार, हे क्वचितच कोणी विचारतं. खरं तर पहिला प्रश्न तोच हवा.

ही फट दोन इंच तीन सुतांपेक्षा, म्हणजे साधारण सहा सेंटिमीटरपेक्षा, जास्त नको. अमेरिकेच्या नियमातही हाच आकडा आहे. फट मोठी असली की झोपेत सरकणाऱ्या बाळाचे आधी पाय बाहेर जातात, मग कंबर, आणि डोकं मात्र आतच अडकतं.

नाशिकरोडच्या एका घरातून आजोबांच्या वेळचा पाळणा पॉलिशला आला होता. पितळी कड्या, मोराची नक्षी, असं लाकूड आता बघायलाही मिळत नाही. टेप लावला तर फट साडेचार इंच! प्रत्येक फटीत पाऊण इंची गज घालू, असं मी म्हटलं. आजींना वाटलं, पाळण्याची शोभा जाईल. मग त्यांच्या सुनेने माझ्या हातातला टेप घेऊन स्वतः मोजलं आणि म्हणाली, "काका, घाला गज." फट दोन इंचांच्या आत आली आणि मोर जागेवरच राहिले.

जुन्या पाळण्याच्या रंगाचीही मला काळजी वाटते. दात येताना मूल कठडा चावतंच. घरगुती रंगातल्या विषारी शिशावर आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची, मर्यादा आली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये किती शिसं असेल, ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून असा रंग घरातच पॉलिशपेपरने घासून वर नवा हात मारू नये. त्याची भुकटी घरभर पसरते आणि बाळाच्या तोंडात जाते.

हल्ली मोबाईलवर फोटो दाखवून एक बाजू खाली सरकणारा पलंग मागतात. बाळाला उचलताना कमी वाकावं लागतं, हे खरं आहे, आणि बाळंतिणीच्या कमरेचं दुखणं मलाही कळतं. पण त्या सरकत्या बाजूच्या खाचा आणि कड्या झिजतात, एक टोक सुटतं, गादी आणि कठड्यात जागा होते आणि बाळ तिथे रुतून गुदमरतं. अमेरिकेत असे पलंग बनवायला आणि विकायला २०११ पासून बंदी आहे. मी ते करून देत नाही. त्याऐवजी गादीखालची फळी दोन उंचींवर बसेल अशी सोय ठेवतो. तान्ह्या बाळासाठी वर, आणि ते बसायला लागायच्या आत खाली.

गादी पाळण्याच्या मापाचीच हवी, कडेला दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहू नये. आणि ती घट्ट हवी. मऊ कापसाच्या गादीत बाळाचं तोंड रुतू शकतं. मोहरीची उशी, लोड, कठड्याला बांधायचे गुबगुबीत पडदे यांतलं काहीही आत ठेवू नये. बाळाला उताणं झोपवा, असं डॉक्टर सांगतातच. झोपवताना गळ्यातला काळा दोराही काढावा. वर टांगलेलं चिमणाळं मूल हातांवर उठायला लागलं की उतरवावं, कारण त्याची दोरी मानेला अडकते. मच्छरदाणी ताणून बांधावी, आत लोंबू देऊ नये.

खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा झाला, आणि पुष्कळ आईबाप तो बघून घेतात. मूल खेळण्याशी थोडा वेळ असतं, पाळण्यात ते रात्रभर एकटं असतं. म्हणून मेनरोडपासून सिडकोपर्यंतच्या दुकानदारांना माझी विनंती आहे, पाळण्याच्या चिठ्ठीवर किमतीशेजारी गजांमधलं अंतर आणि गादीचं मापही लिहा. तोवर गिऱ्हाइकाने दुकानातच टेप काढून मोजावं, आणि दुकानदाराने त्याचा राग मानू नये.

आपला,
एक सुतार, पंचवटी, नाशिक