‘महाराजांचा होन’ आणि बिनकागदाची बोली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पुण्यातल्या एका नाणे-लिलावाची बातमी आली होती. ‘महाराजांचा होन बोलीवर’ असा ठळक मथळा आणि खाली शिवरायांच्या त्या सोन्याच्या नाण्याचा हातभर फोटो. ती वाचून आमच्या बेळगावच्या शहापुरात बरेच जण खिसे चाचपू लागले. माझा भाचा त्यातलाच. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत पहाटेपर्यंत जागणारे हे गाव. इथे महाराजांच्या नावाला काय वजन आहे हे विकणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळते.

भाच्याचे उद्यमबागेत मशीनशॉप आहे, त्यामुळे मोजमापावर त्याचा भारी भरवसा. ‘मामा, मशीनवर टंच बघितलाय म्हणे, बावीस कॅरेटच्या वर आहे. वजन पण जुळतंय. अजून काय पाहिजे?’ माझी हयात पतसंस्थांसाठी तारणाच्या सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, काढण्यात गेली, तेव्हा मी लगेच मान डोलावीन असे त्याला वाटले असावे. पण टंच सोन्याचा निघतो, नाण्याचा नाही. शिवरायांचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो. मोडीत घातला तर पाव तोळ्याचे पैसे. बोली लाखांत जाणार ती 1674 च्या राज्याभिषेकाशी असलेल्या नात्यापायी. मग खोटा होन पाडणारा पितळेवर मुलामा कशाला देत बसेल? तो जुनेच सोने घेतो, सहज मिळणारे एखादे झिजके दक्षिणी नाणे वितळवतो आणि त्यावर नवा शिक्का उठवतो. टंच चोख येतो, वजनही बसते.

बोलीआधी नाणी बघायला ठेवतात, तेव्हा मामा-भाचे पुण्याला गेलो. दहापटीचे भिंग मी नेलेच होते. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचे कडे. सगळे जागच्या जागी, आणि मला तेच खटकले. हाती ठोकलेल्या नाण्यात बहुधा शिक्का, म्हणजे ठोकायचा ठसा, मोठा नि सोन्याची चकती लहान असते. एका अंगाचे ठिपके बाहेर पडतात, एखादे अक्षर अर्धे कापले जाते. इथे कडे पुरे गोल. ‘श्री’च्या वेलांटीखाली भिंग धरले तर तिथे पुरळ उठल्यासारखे बारीक दाणे. साच्यात ओतलेल्या वस्तूवर असे दाणे येतात. वरच्या कडेला कानशीचे ओरखडेही होते, पण ते मी मनावर घेतले नाहीत. आपल्याकडे सोन्याचे नाणे कधी ना कधी कुणाच्या गळ्यात गेलेलेच असते. झाळून बसवलेली कडी काढली की तिथे कानस फिरते. त्याने किंमत उतरते, नाणे खोटे ठरत नाही.

दाणे बघून मी ‘खोटा’ म्हटले का? नाही म्हटले. गंज धरलेल्या शिक्क्यानेही असे फुगवटे उठतात. शंका घ्यायला जागा आहे, एवढेच काचेच्या टेबलाशी उभे राहून सांगता येते.

भाच्याने मग पाण्यात वजन करण्याची युक्ती काढली. युक्ती जुनी आणि चांगली, पण एवढ्याशा नाण्याला अपुरी. बावीस कॅरेट सोन्याची घनता साधारण 17.7, म्हणजे 2.8 ग्रॅमचे नाणे जेमतेम 0.16 ग्रॅम पाणी बाजूला सारते. काटा शतांश ग्रॅमच दाखवत असेल आणि त्याने 0.15 दाखवले, तर घनता निघते 18.7. 0.17 दाखवले तर 16.5. पहिले जवळजवळ शुद्ध सोने, दुसरे वीस कॅरेटच्या आसपास! नाण्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी हिशेब गेला. मिलिग्रॅमचा काटा हवा, आणि तो मिळाला तरी उत्तर पुन्हा सोन्याविषयीच. रोज मायक्रोमीटर हातात धरणारा माणूस, त्याला हे चटकन पटले. मी एरवी सांगितलेले इतक्या लवकर पटत नाही.

कॅटलॉगात नाण्याखाली बारीक अक्षरांत ‘प्रमाणित नाही’ असे छापले होते. कागद नाही म्हणजे नाणे खोटे, असे मी मुळीच म्हणत नाही. बेळगाव-खानापूरकडच्या कितीतरी देव्हाऱ्यांत खरी नाणी हळदकुंकू खात पडली आहेत, त्यांना कुणी प्रमाणपत्र दिले आहे? हल्ली अमेरिकेतल्या कंपन्या नाणे तपासून, सत्तरपैकी गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात. पण शंभर वर्षांवरचे नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा ‘आधी घेऊ, मग तिकडे पाठवून डबीत घालून आणू’ हा बेत सोडलेला बरा. भाच्याच्या एका मित्राने तर हॉलमार्क करून घ्या म्हणून सुचवले. साडेतीनशे वर्षांच्या होनावर लेझरने सहा आकडे-अक्षरे कोरायची! त्या मित्राला माझा दंडवत.

कागदापेक्षा मला पूर्वपीठिका मोलाची वाटते. हेच नाणे आधी कुठल्या जुन्या कॅटलॉगात किंवा नाणे-अभ्यासकांच्या लेखात फोटोसकट आले आहे का? खात्रीच्या नमुन्यांशी शिक्का जुळतो का? आणि दोन नाण्यांवर एकच ओरखडा अगदी त्याच जागी दिसला, तर दोन्ही एका साच्यातली समजावीत. हे सगळे विचारल्यावर तिथल्या माणसाने ‘नाणे सीमाभागातल्या एका शेतात सापडलेय’ एवढेच सांगितले. आपल्या बातमीतही तेच आले आहे. पण जमिनीत गुप्तधन सापडले तर ते सरकारला कळवावे लागते, ब्रिटिशांच्या 1878 च्या कायद्यापासूनचा हा नियम आहे. शेताची गोष्ट खरी असेल तर ते नाणे आधी कचेरीत जायला हवे होते. गोष्ट रचलेली असेल, तर नाण्याविषयीचे बाकीचे सांगणे तरी का खरे मानावे?

भाच्याला मी एकच अट घालायला लावली. पुढे दोन स्वतंत्र जाणकारांनी नाणे बनावट ठरवले, तर बोलीची रक्कम, लिलावगृहाचे कमिशन आणि त्यावरचा जीएसटी, सगळे परत मिळेल असे लेखी द्या. फोनवर उत्तर आले, ‘साहेब, बघून घ्या, माल जसा आहे तसा.’ भाचा बोलीला बसला नाही. रुसलाय अजून. जुन्या सोन्याची हौसच असेल तर विजयनगरच्या राजांचे सोन्याचे नाणे, वराह, घे, असे मी त्याला सांगितले. 3.4 ग्रॅमचा, आपल्याच मुलखात चाललेला, आणि बऱ्यापैकी मिळणारा. बनावट वराहही निघतात, पण त्याची किंमत सोन्याच्या भावापासून इतकी लांब पळालेली नसते, म्हणून मार बसला तरी सोसतो.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी मथळ्यात महाराजांचे नाव घालण्याआधी बातमीदाराने लिलावगृहाला थोडे खोदून विचारावे. पुरावस्तू विकण्याचा परवाना आहे का, नाणे कुणी आणि कशावरून खरे ठरवले, आधीचा मालक कोण, परतीची अट काय. उत्तरे मिळाली तर तीही छापावीत. मिळाली नाहीत तर तसे छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त सोने-मूल्यांकनकार
शहापूर, बेळगाव