आपल्या शाळेच्या जिन्याविषयी, शिकागोहून

प्रिय बाबा,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या जुन्या इमारतीवर आणखी एक मजला चढवायचा विचार पॅरिश कौन्सिलमध्ये चाललाय, असं आईने सांगितलं. तुम्ही त्या समितीत आहात, म्हणून इथल्या एका शाळेला लागलेल्या आगीविषयी सविस्तर लिहितेय. फादरांनाही हे वाचून दाखवा.

इथे शहराच्या पश्चिम भागात, हम्बोल्ट पार्कजवळ, ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या धर्मग्रामाची (म्हणजे पॅरिशची, एका चर्चच्या कक्षेतल्या वस्तीची) शाळा होती, बालवर्गापासून आठवीपर्यंत. वसईत जशी चर्चला लागून शाळा, तशीच. इथे या शाळा का निघाल्या, तेही तुम्हाला आवडेल. एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट पंथाचं बायबल वाचलं जायचं, कॅथलिक मुलांनाही तेच. हा वाद इतका चिघळला की १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली झाल्या आणि चर्चेस जाळली गेली. पुढे १८८४ मध्ये बाल्टिमोरच्या परिषदेत बिशपांनी ठरवलं की प्रत्येक धर्मग्रामाने दोन वर्षांत आपली शाळा काढावी. काढणार कोण? आयर्लंड, पोलंड, इटलीहून पोटासाठी आलेली कष्टकरी माणसं. मिस्सेच्या प्रार्थनेवेळी दानपेटीत पडणाऱ्या चिल्लरीतून इमारती उभ्या राहिल्या आणि सिस्टरांनी अगदी नाममात्र मानधनावर पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्या आजोबांच्या पिढीने वसईत जे केलं, त्याहून हे वेगळं नाही.

त्या शाळेची उत्तरेकडची बाजू १९१० ची. बाहेरून भक्कम वीटकाम, पण आत जिने, जमीन, दारं बहुतेक सगळं लाकडाचं. १९३९ मध्ये दक्षिणेची बाजू झाली आणि १९५१ मध्ये मधला भाग बांधून दोन्ही जोडल्या. युद्धानंतर मुलं इतकी वाढली की एकेका वर्गात पन्नास-साठ जण बसू लागले. शिकागोने १९४९ मध्ये शाळांसाठी आगीपासून बचावाचे कडक नियम केले होते, पण ते नव्या बांधकामांना. जुन्या इमारतींना सूट. त्यामुळे इथे आग लागताच आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर नव्हते, घंटा वाजली तरी अग्निशमन दलाला आपोआप वर्दी जायची सोय नव्हती, बाहेरून उतरायला लोखंडी जिना एकच. आणि काही आठवड्यांपूर्वीच अग्निशमन दलाच्या तपासणीत शाळा पास झाली होती! ही सूट मला सगळ्यात जास्त खुपते. इमारत जुनी म्हणून तिला जास्त जपायचं, की तिला नियमातून वगळायचं?

१ डिसेंबर १९५८, सोमवार. शाळा सुटायला थोडाच वेळ होता. तळघरात, जिन्याच्या पायथ्याशी कचऱ्याचं पिंप होतं, त्यात आग धुमसत होती. ती कुणी लावली की आपोआप लागली, हे अधिकृतरीत्या कधीच ठरलं नाही. मला मात्र पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. खालच्या मजल्यावर जिना आणि व्हरांडा यांच्यामध्ये आग अडवणारं दार होतं आणि ते बंद होतं. वरच्या मजल्यावर असं दारच नव्हतं. जिना धुराड्यासारखा पेटला आणि सगळा धूर थेट वरच्या व्हरांड्यात शिरला. वर्गांना दुसरी वाट नाही. खिडक्यांची कड तीन फुटांहून उंच, लहान मुलांना चढता येईना, आणि खाली पंचवीस फुटांवर जमीन. बंब काही मिनिटांत आले, पण पत्ता चुकून आधी फादरांच्या निवासाकडे गेले, मग कुलूपबंद लोखंडी कुंपणाने शिड्या अडल्या.

९२ मुलं गेली. त्यांच्यासोबत सिस्टर मेरी क्लेअर थेरेस, सिस्टर मेरी सेराफिका आणि सिस्टर मेरी सेंट कॅनिस याही गेल्या, आपल्या वर्गातल्या मुलांबरोबर. खालच्या मजल्यावर एकही मृत्यू नाही. बाबा, एका दाराचा फरक. वरच्याच एका वर्गात सिस्टरांनी दाराच्या फटींत पुस्तकं ठासून धूर अडवला आणि त्या वर्गातली जवळपास सगळी मुलं वाचली.

त्यानंतर देशभर जुन्या शाळांची तपासणी झाली, नियम बदलले, आणि शिकागोत जुन्या इमारतींची सूटही गेली. १९६० मध्ये त्याच जागी नवी शाळा उभी राहिली, स्प्रिंकलरसकट. पुढे वस्ती बदलली, पट घटला, १९९९ मध्ये शाळा बंद झाली. २००५ पासून फादर बॉब लोम्बार्डो यांनी तिथे मिशनचं काम उभं केलं, गरजूंना धान्य आणि कपडे मिळतात.

आपल्याकडेही तमिळनाडूतल्या कुंभकोणमला २००४ मध्ये शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा ही फक्त अमेरिकेतली जुनी गोष्ट समजू नका.

आता मुद्द्याचं. वरचा मजला चढवायच्या आधी दुसरा जिना बांधा, तोही इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. जिन्याला प्रत्येक मजल्यावर दार हवं आणि शाळा चालू असताना एकाही दाराला कुलूप नको. खिडक्यांचे गज चोरांसाठी बसवलेत हे मान्य, पण प्रत्येक वर्गातला एक तरी आतून उघडता आला पाहिजे. जिन्याखाली जुनी बाकं आणि रद्दी ठेवतात, ती आधी हलवा. आणि जुन्या भागाचंही फायर ऑडिट, म्हणजे आगीच्या धोक्याची तपासणी, करून घ्या, फक्त नव्या मजल्याचं नको. कुणी म्हणेल, इतकी वर्षं काही झालं नाही. शिकागोची ती इमारतही ४८ वर्षं उभीच होती.

खर्च वाढेल हे मला कळतं. वर्गणीसाठी इथल्या आपल्या वसईकरांशी बोलले आहे, मंडळी तयार आहेत. मजला वर्षभर उशिरा झाला तरी चालेल, जिना आधी होऊ दे. आर्किटेक्टचा नकाशा आला की फोटो काढून पाठवा, आणि बैठकीत कोण काय म्हणालं तेही कळवा.

आईला आणि दादा-वहिनीला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची,
धाकटी