पहिल्या पावसात सीनेत काय सोडलं जातं? पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातला, सीना नदीकाठचा ऊस उत्पादक. गेल्या मृगात पहिला मोठा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मोटार चालू करायला बंधाऱ्यावर गेलो. ओढ्यातून आलेलं पाणी कोऱ्या चहासारखं, वर फेस, आणि मळीचा तो आंबूस वास. काठाला चिलाप नि कटले पाण्यावर तोंडं काढून धापा टाकत होते. दुपारपर्यंत सगळे उलटे, पांढरी पोटं वर. भोयांची पोरं जाळी खांद्यावर घेऊन तशीच परतली.

तक्रार केली. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी तिसऱ्या दिवशी आले, तोवर पुराने सगळं धुऊन नेलं होतं. आम्ही बाटलीत भरून ठेवलेलं पाणी त्यांनी हुंगलं आणि परत दिलं. १९७४ च्या जल कायद्यानुसार अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच कोर्टात पुरावा म्हणून टिकतो.

साहेब, हे मासे गुदमरून मरतात. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी म्हणजे स्पेंटवॉश. तो पाण्यात मिसळला की तो कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, ते मोजणारा आकडा म्हणजे बीओडी. नदीत सोडायच्या पाण्याची बीओडी मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. कच्च्या स्पेंटवॉशची बीओडी ४० हजारांच्या घरात असते. उन्हाळ्यात डबकं झालेल्या बंधाऱ्याला एखादा टँकरही भारी पडतो. हेच पाणी पुढे हत्तरसंग कुडलला भीमेला मिळतं.

कारखाने बंद करा असं मी म्हणणार नाही. माझाही ऊस तिथेच जातो. सोलापूर शहरात चादरी-टॉवेलच्या सूत रंगाईवर हजारो घरं चालतात, तेही जाणतो. पण सांडपाण्याचं प्रदूषण मोजणारे ऑनलाइन मीटर बसतात कारखान्याच्या अधिकृत पाइपावर. चोरून सोडलेलं पाणी त्या पाइपाने जातच नाही, ते लॅगूनमधून, म्हणजे सांडपाणी साठवायच्या तळ्यातून, थेट ओढ्यात उतरतं, तेही रात्री, पावसाच्या आडोशाने.

म्हणून मीटर ओढ्यांच्या तोंडाशी आणि बंधाऱ्यांत बसवा. पाण्यातला ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की अधिकाऱ्याच्या फोनवर इशारा गेला पाहिजे, आणि तोच आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर दिसला पाहिजे. पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस नमुने घेणारं पथक रात्रीही जिल्ह्यात फिरतं ठेवा.

यंदाच्या मृगाआधी एवढं होऊ शकतं. मी रोज पहाटे बंधाऱ्यावर असतो. मीटर कुठे बसवायचा, ती जागा दाखवतो.

आपला,
सीनाकाठचा एक शेतकरी, उत्तर सोलापूर