पानाकडे पाहायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आपण माझ्या पाणरोपांच्या मत्स्यटाकीसमोर बसलात त्याला आता सहा महिने झाले. त्याच दिवशी मी आपले आभार मानले होते, पण आपण सांगितलेले डोळ्यांनी पाहिल्यावरच ते नीट मानता येतील असे वाटले, म्हणून इतका उशीर झाला. शेवाळापुढे हात टेकलेल्या इतरांनाही याचा उपयोग व्हावा, या हेतूने हे पत्र खुले लिहीत आहे.

आपण आलात तेव्हा अनुबियास या पाणरोपाच्या पानांच्या कडांवर काळ्या शेवाळाचे झुबके वाढले होते आणि काच आठवडाभरात कडक हिरव्या ठिपक्यांनी भरून जात होती. तोवर मी पाने बोटांनी घासून पाहिली होती, तीन दिवस टाकी काळ्या कापडाने झाकून ठेवली होती आणि शेवाळ मारण्याचे एक औषधही ओतले होते. त्या औषधाने झुबके जेमतेम मऊ पडले, व्हॅलिसनेरिया या दुसऱ्या पाणरोपाची पाने मात्र वितळून गेली.

आपण शेवाळाबद्दल काही विचारण्याआधी हायग्रोफिला या रोपाचे एक जुने पान खुडून दिव्यासमोर धरलेत. त्यात टाचणीच्या टोकाएवढी भोके होती आणि प्रत्येक भोकाभोवती पिवळी कड होती. ती पोटॅशियमच्या कमतरतेची खूण आहे, हे मला त्या दिवशी कळले. खत घातले की शेवाळ वाढते, या समजुतीने मी खत जवळजवळ बंदच केले होते. शेवाळाला अन्न इतके थोडे लागते की ते उपाशी पडण्याच्या कितीतरी आधी रोपे उपाशी पडतात, आणि वाढ थांबलेल्या पानावर शेवाळाला मोकळे रान मिळते, हे आपण त्या एका पानावरून समजावून दिलेत.

मग आपण दिवा किती तास चालतो ते विचारलेत. मी अकरा तास म्हणून सांगितले, तेव्हा आपण न रागावता टायमर सहा तासांवर आणलात आणि अनुबियास दिव्याखालून काढून मोठ्या रोपांच्या सावलीत हलवलेत. रोपांसाठी पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड वायू मी दिव्याबरोबरच सुरू करत असे, त्यामुळे ड्रॉप चेकर (पाण्यात हा वायू किती आहे ते रंगाने दाखवणारी छोटी कुपी; कमी असेल तर निळी, पुरेसा असेल तर हिरवी) निम्मा दिवस निळाच राहायचा. पहिले दोन तास रोपांना भरपूर उजेड मिळायचा, पण वायू पुरेसा मिळत नसे, आणि रोजची ही चढउतार काळ्या झुबक्यांच्या पथ्यावर पडत होती. आता वायू दिव्याच्या दोन तास आधी सुरू होतो आणि दिवा लागेपर्यंत चेकर हिरवा झालेला असतो, म्हणजे पाण्यात सुमारे ३० पीपीएम (दहा लाख भागांत तीस भाग) वायू असतो. चेकरचा रंग तास-दीड तास मागे असतो, त्यामुळे वायू वाढवायचा असेल त्या दिवशी समोर बसून राहायचे आणि मासे वर येऊन धापा टाकू लागले तर लगेच कमी करायचा, ही आपली ताकीद मी आजही पाळते.

मला सर्वांत जड गेली ती आपली एक अट: एका वेळी एकच बदल करायचा आणि मग दोन आठवडे कशालाही हात लावायचा नाही. आधी दिवा, मग वायू, मग खत, असा क्रम आपण लावून दिला होता. तिसऱ्या आठवड्यात काच पुन्हा हिरवी झाली, तेव्हा मी आपल्याला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा आपण शांतपणे एवढेच विचारलेत, "नवे पान कसे आहे?" नवे पान स्वच्छ होते. त्या प्रश्नाने मला आवरले नसते तर मी पुन्हा औषधाची बाटली उघडली असती, याबद्दल मला शंका नाही. पुढे खतात फॉस्फेट आल्यावर काचेवरचे ठिपकेही हळूहळू विरळ झाले.

अनुबियासवरचे झुबके कसे गेले ते आवर्जून सांगायचे आहे. पाणी बदलताना पातळी पानांच्या खाली उतरवून मी ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने थेंबथेंब झुबक्यांवर सोडले, पाच मिनिटे थांबले आणि मग टाकी भरली. तिसऱ्या दिवशी काळे झुबके गुलाबी दिसू लागले. हे शेवाळ मुळात लाल शेवाळांच्या कुळातले आहे आणि मरताना आपला खरा रंग दाखवते, असे आपण म्हणाला होतात. ते पाहताना मला फार आनंद झाला. जिवंत झुबक्यांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या टाकीतल्या अमानो कोळंब्यांनी (शेवाळ खाणाऱ्या लहान कोळंब्या) ते गुलाबी धागे दोन दिवसांत फस्त केले. आधीची कारणे दूर झाली नसती तर तेच झुबके महिन्याभरात परत आले असते, हेही आता मला कळते.

दर आठवड्याला मी निम्मे पाणी बदलते, फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळते आणि खराब झालेली जुनी पाने सुधारण्याची वाट न पाहता कापून टाकते. दिवा आता सात तासांवर आहे. काचेवर दहा-बारा दिवसांनी चार ठिपके येतात, ते जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडले की निघतात.

अनुबियासला सहा नवी पाने आली आहेत. तिच्या खोडाचा चार पानांचा तुकडा मी आपल्यासाठी वेगळा करून लहानशा लाकडाला बांधून ठेवला आहे. आपण सांगाल त्या दिवशी घेऊन येईन.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी